उन्हाळ्यात घरी बीअर आंबवताना तापमान कसं सांभाळायचं: फ्रिज असेल तर आणि नसेल तरी

ऑस्ट्रेलियात घरी बीअर बनवणारे आपले मराठी लोक आता बरेच आहेत आणि दर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, तक्रार एकच येते, बीअर झाली पण घशाला झोंबते, पिकलेल्या केळ्याचा वास येतो, एका ग्लासातच डोकं धरतं. किट (डब्यातला घट्ट माल्टचा अर्क) तेच, साखर तीच, फर्मेंटर (बीअर आंबवायचं झाकणाचं भांडं) तोच, आणि हीच बीअर जुलैमध्ये मस्त झालेली असते. मग लोक किट बदलतात, पाणी बदलतात, सगळं पुन्हा पुन्हा निर्जंतुक करत बसतात. गडबड तापमानात असते, आणि ती बहुतेक वेळा यीस्ट टाकायच्या क्षणी किंवा त्यानंतरच्या ३ दिवसांत झालेली असते. चौथ्या दिवशी फर्मेंटर फ्रिजमध्ये टाकून ती दुरुस्त होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. ऑस्ट्रेलियात स्वतःला पिण्यासाठी घरी बीअर बनवायला परवाना लागत नाही, पण ती विकता येत नाही आणि घरी दारू गाळणं तर साफ बेकायदा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे फक्त वाचावं, करून बघू नये.

खालचं सगळं २३ लिटरच्या नेहमीच्या बॅचसाठी आहे, डब्यातलं किट वापरत असाल किंवा धान्यापासून करत असाल, दोन्हीला लागू पडतं.

## आधी हे डोक्यात पक्कं करा

तापमान म्हणजे बीअरचं तापमान, खोलीचं नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं. २३ लिटर साध्या बीअरमध्ये आंबणाऱ्या साखरेची सगळी उष्णता आतच कोंडली तर बीअर साधारण १० अंशांनी तापेल, प्रत्यक्षात बरीचशी बाहेर निघून जाते म्हणून बीअर खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम राहते. म्हणजे एसी लावून खोली २४ वर ठेवली आणि निश्चिंत झालात तर आत २८ चालू आहे.

२८ ला काय होतं? साधं एल यीस्ट (एल म्हणजे लागरपेक्षा गरम तापमानात आंबवायची बीअर) तिथे जोरात वाढतं आणि वाढताना केळ्याचे, पेअरच्या गोळीचे वास देणारे एस्टर सोडतं, कधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वासही येतो, आणि त्याच्याबरोबर फ्युजेल अल्कोहोल बनतं, घशाला लागणारी ती आग त्याची. एस्टर थोडेफार निवतात. फ्युजेल बाटलीत सहा महिने ठेवलं तरी जात नाही.

हे सगळं मुख्यतः यीस्ट वाढत असताना बनतं, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून सगळी मेहनत तिथे घालायची.

## टप्पा १: यीस्ट आणि दिवस ठरवा

किट उघडायच्या आठवडाभर आधी बसून दोन गोष्टी ठरवायच्या, तुमच्याकडे थंड करायची सोय काय आहे आणि त्या सोयीला कुठलं यीस्ट झेपेल. लोक नेमकं उलट करतात, आधी आवडीची बीअर ठरवतात आणि मग ४० अंशांच्या आठवड्यात तिला गार ठेवायला धावपळ करतात.

फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर असेल तर काहीही करा, लागर सुद्धा, म्हणजे १२ अंशांच्या आसपास गार आंबवायची बीअर.

फक्त टब आणि बर्फ असेल तर यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅम ही एल यीस्ट घ्या. यूएस-०५ च्या पाकिटावर वरची मर्यादा पंचवीस-सव्वीसपर्यंत लिहिलेली दिसते, तेवढ्यात ते मरत नाही इतकाच त्याचा अर्थ घ्या, चव हवी असेल तर बीअर १८ ते २० मध्ये ठेवा. एस-०४ उन्हाळ्यात मी टबासाठी सुचवणार नाही, विशीच्या वर गेलं की त्याची चव लवकर बिघडते. लागरचा तर विचारही नको. किटच्या डब्यावर लागर लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा झाकणाखालच्या पाकिटात एल यीस्टच असतं, ते चालेल, फक्त नावावर जाऊन ते १२ अंशांवर ठेवू नका.

काहीच सोय नसेल तर गरमीशी भांडूच नका, गरमी आवडणारं यीस्ट घ्या. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतघरांमधून आलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, त्यातलं व्हॉस सुक्या पाकिटात मिळतं आणि ते ३५ ते ४० अंशांत सगळ्यात खूश असतं. ब्रिस्बेनच्या फेब्रुवारीत, फ्रिज नसलेल्या घरात, माझ्या मते हाच सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे. चव थोडी संत्र्याच्या सालीकडे झुकते, पेल एलला छान जाते. दुसरा पर्याय सेझों यीस्ट, बेल सेझों ३५ पर्यंत चालतं आणि बीअर मिरमिरीत, एकदम कोरडी होते, पण त्याबद्दल एक इशारा टप्पा ७ मध्ये आहे तो वाचल्याशिवाय घेऊ नका.

दिवस निवडताना हवामान खात्याचा ७ दिवसांचा अंदाज उघडा आणि दुपारपेक्षा रात्रीचे आकडे बघा. दुपारी ३८ आणि रात्री १७ असेल तर टबावर निभावतं. दुपारी ३१ आणि रात्री २५ असेल, म्हणजे ब्रिस्बेनची दमट हवा, तर ते जास्त अवघड आहे, कारण फर्मेंटरला निवायला वेळच मिळत नाही. यीस्ट टाकल्यानंतरच्या तीन रात्री बऱ्या असल्या पाहिजेत.

सावधान: यीस्टचं पाकीट दुकानातून आणताना गाडीत ठेवून बाकीची खरेदी करू नका. उन्हात उभ्या गाडीत यीस्ट कामातून जाऊ शकतं. घरी आल्यावर थेट फ्रिजमध्ये.

## टप्पा २: थंड करायची सोय लावा आणि साध्या पाण्यावर चाचणी घ्या

### फ्रिज असेल तर

जुना फ्रिज घ्यायला जाताना टेप घेऊन जा. फर्मेंटरची उंची एअरलॉकसकट (झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) मोजा, आणि फ्रिजच्या आत मागे खाली कॉम्प्रेसरचा जो उंचवटा असतो तो सोडून किती जागा उरते ते बघा, बरेच फ्रिज तिथेच अडतात. काचेची फळी काढून टाका, भरलेला फर्मेंटर २५ किलोच्या आसपास जातो.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट उपयोगाचा नाही, तो ४-५ अंशांसाठी बनवलेला असतो आणि तिथे एल यीस्ट झोपी जातं. बाहेरचा कंट्रोलर लागतो, इंकबर्डसारखा, ज्यात फ्रिजचा प्लग लावायचा आणि सेन्सरची वायर आत सोडायची. सेटिंग असं: लक्ष्य १८, फरक ०.५, आणि कॉम्प्रेसरचा विलंब किमान ५ मिनिटं, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर जातो.

आता सेन्सर कुठे लावायचा, कारण सगळ्यात जास्त बॅच इथे बिघडतात. सेन्सर फ्रिजच्या हवेत लटकवला की कंट्रोलर हवा १८ वर ठेवतो आणि बीअर मजेत २२ वर आंबते, आणि स्क्रीनवर १८ दिसतंय म्हणून तुम्हाला पत्ताही लागत नाही. सेन्सर फर्मेंटरच्या बाजूला, बीअरच्या पातळीच्या मधोमध चिकटवायचा, त्याच्यावर भांडी घासायच्या स्पंजचा जाड तुकडा किंवा चार घड्या केलेलं बबल रॅप ठेवायचं आणि वरून पट्टीने किंवा बंजी कॉर्डने घट्ट आवळायचं. स्पंज हवा अडवतो, त्यामुळे सेन्सरला भिंतीमागच्या बीअरचंच तापमान कळतं. प्लास्टिकच्या फर्मेंटरवर हे अंदाजे अर्ध्या-एका अंशात बरोबर येतं, तेवढं पुरे.

### फ्रिज नसेल तर

एक मोठा प्लास्टिकचा टब घ्या, बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसा दोरीचे कान असलेला, फर्मेंटर त्यात उभा करा आणि बाहेरचं पाणी आतल्या बीअरच्या निम्म्या उंचीपर्यंत तरी भरा. बोटभर पाण्यात फर्मेंटर ठेवून काही होत नाही. पाणी जितकं जास्त तितकं तापमान हळू हलतं, त्या पाण्याचं मुख्य काम हेच आहे.

वरून एक जुना सुती टीशर्ट फर्मेंटरला घाला, खालची कड पाण्यात बुडलेली हवी म्हणजे पाणी कापडातून आपोआप वर चढत राहतं, आणि समोर टेबल फॅन लावा. हे किती चालेल ते हवेवर आहे, नागपुरात कूलरने जीव वाचतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, अगदी तसंच. ॲडलेड, पर्थ, मेलबर्नच्या कोरड्या दिवसांत ओला टीशर्ट आणि पंखा मिळून ४-५ अंश काढून घेतात. ब्रिस्बेनला किंवा किनाऱ्यालगतच्या दमट दिवशी १-२ अंश मिळाले तरी खूप, तिथे भिस्त बर्फावरच ठेवावी लागते.

बर्फासाठी २ लिटरच्या कोल्डड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, कमीत कमी ६. दोन टबात असताना चार फ्रीझरमध्ये. गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली फाटते. ताजी भरलेली बाटली पूर्ण गोठायला घरच्या फ्रीझरमध्ये जवळपास एक दिवस जातो, म्हणून आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी भरा.

किती बर्फाने किती गार होतं याचा हिशोब सोपा आहे. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढ्यात ८० लिटर पाणी १ अंशाने गार होतं. आत २३ लिटर बीअर, बाहेर ३० लिटर पाणी, मिळून ५३ लिटर. एक बाटली म्हणजे पावणेदोन-एक किलो बर्फ, तो पूर्ण वितळला की सगळं मिळून अडीच अंशांनी उतरतं. बाहेरची गरमी तेवढ्यात परत काही अंश चढवते, म्हणून कडक उन्हाच्या दिवशी दर खेपेला दोन बाटल्या आणि दिवसातून तीन खेपा धरा.

### चाचणी

बीअर करायच्या आधी फर्मेंटरमध्ये २३ लिटर साधं पाणी भरा, टबात किंवा फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तास चालवून बघा. सकाळी, दुपारी तीनला, झोपताना आतल्या पाण्याचं तापमान लिहून ठेवा. हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच, कुठल्या कोपऱ्यात दुपारी ऊन येतं, बाटल्या किती तासात वितळतात, रात्री तापमान किती उतरतं. साध्या पाण्यात यीस्टची उष्णता नसते, म्हणून चाचणीत १६-१७ जमलं तर खऱ्या बॅचला १९-२० मिळेल असं समजा. चाचणीतच २३ च्या खाली येत नसेल तर वाद घालू नका, क्वाइक घ्या.

तपासा: फर्मेंटरवर चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी टबातल्या पाण्याखाली गेली असेल तर ती पाण्याचं तापमान दाखवतेय, बीअरचं नाही. पट्टी पाण्याच्या वर पण बीअरच्या पातळीखाली हवी.

जागा निवडताना गॅरेज टाळा. पत्र्याचं दार पश्चिमेला असेल तर आत भट्टी होते. पश्चिम सिडनीतल्या पेनरिथला ४ जानेवारी २०२० ला ४८.९ अंश नोंदले गेले होते, तशा दिवशी गॅरेजमधला टब कोणीच वाचवू शकत नाही. घरातली बाथरूम, लाँड्री, जिथे फरशी आहे आणि बाहेरची भिंत नाही ती जागा बघा.

## टप्पा ३: वर्ट आधी गार करा, मग यीस्टचं पाकीट हातात घ्या

वर्ट म्हणजे माल्टचं ते गोड पाणी ज्याची पुढे बीअर होते. ते १८ ला आलं पाहिजे. यीस्ट टाकल्यानंतर नाही, टाकायच्या आधी. "आत्ता २९ आहे पण रात्रीत उतरेल" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. रात्रीत उतरत नाही, कारण तोपर्यंत यीस्ट कामाला लागलेलं असतं आणि ते स्वतःच तापवतं.

### किटवाल्यांसाठी

किटचा डबा आणि साखर उकळत्या पाण्यात विरघळवली की साधारण ४ लिटर मिश्रण होतं, ७० अंशांच्या आसपास. त्यावर लोक थेट नळाचं पाणी ओततात. उन्हाळ्यात नळाचं पाणीच २६ असतं, १९ लिटर ओतलं की सगळं मिळून ३३-३४ अंश होतं. त्यातच यीस्ट टाकलं जातं आणि बीअरचं भवितव्य तिथेच ठरतं.

त्याऐवजी आदल्या रात्री पिण्याचं पाणी मोठ्या बाटल्यांमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवा. ४ अंशांचं १२ लिटर आणि नळाचं ७ लिटर घेतलं तर मिश्रण २२ ला येतं. १४ लिटर गार आणि ५ लिटर नळाचं घेतलं तर २० ला. पद्धत अशी ठेवा की आधी गार पाणी ओतायचं, ढवळायचं, तापमान बघायचं, आणि शेवटचे ५-६ लिटर त्या आकड्यानुसार गार किंवा नळाचं घ्यायचं. उलट केलं तर हातात काही उरत नाही.

बाजारचा बर्फ थेट वर्टमध्ये टाकू नका, तो कुठून आला आणि कोणाचे हात लागले माहीत नसतं.

### धान्यापासून करणाऱ्यांसाठी

तांब्याच्या किंवा स्टीलच्या कॉइलमधून नळाचं पाणी सोडून गार करत असाल तर नळ २६ असताना वर्ट २८-२९ च्या खाली जाणार नाही, कितीही वेळ पाणी सोडा. म्हणून दोन भागात करा. पहिल्यांदा नळाचं पाणी, उकळीपासून ३५ पर्यंत, हे काम नळ झटपट करतो. मग नळ बंद करून एस्कीत (बर्फाच्या खोक्यात) बर्फ आणि पाणी घ्या, तलावात वापरतात तो छोटा पंप त्यात बुडवा आणि तेच बर्फाचं पाणी कॉइलमधून फिरवा. बरेच जण उकळीपासूनच बर्फ वापरतात, ३५ येईपर्यंत सगळा बर्फ संपतो आणि मग शेवटच्या १७ अंशांसाठी काहीच राहत नाही.

दुसरी वाट इथल्या लोकांची आवडती आहे, क्यूबची. उकळतं वर्ट थेट जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचं, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट, आडवा करून आतली सगळी बाजू गरम वर्टने भिजवायची आणि रात्रभर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये १८ ला आणून मग फर्मेंटर. पाणी वाचतं, घाई नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: शेवटी टाकलेले हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) गरम वर्टमध्ये बराच वेळ राहतात म्हणून कडवटपणा वाढतो, ते हॉप्स उशिरा टाका किंवा थेट क्यूबमध्ये. आणि भरलेला क्यूब आठवडे-महिने साठवू नका, दोन-तीन दिवसांत यीस्ट टाका.

तपासा: ढवळून मग थर्मामीटर बुडवा. वरचा थर आणि तळ यात ४-५ अंशांचा फरक सहज असतो.

## टप्पा ४: यीस्ट टाकणं

वर्ट १८ ला आलं नाही तर थांबा. झाकण लावून, एअरलॉक बसवून, फर्मेंटर टबात किंवा फ्रिजमध्ये ठेवून सकाळपर्यंत थांबलात तरी चालतं, अट एकच, सगळं नीट निर्जंतुक केलेलं असलं पाहिजे. बारा तास उशिरा यीस्ट टाकल्याने जेवढा धोका आहे त्यापेक्षा ३० अंशांवर टाकल्याने नुकसान नक्की आहे.

प्रमाण पुरेसं ठेवा. किटच्या झाकणाखालचं पाकीट साधारण ७ ग्रॅमचं असतं, २३ लिटरला ते जेमतेम पुरतं. कमी यीस्टला जास्त वेळा दुप्पट व्हावं लागतं आणि जास्त वाढ म्हणजे जास्त एस्टर, गरमीत तर अजूनच. ११.५ ग्रॅमचं वेगळं पाकीट घ्या, उन्हाळ्यात हे पैसे वसूल होतात.

फ्रिजमधून काढलेलं पाकीट अर्धा तास बाहेर ठेवा, मग वर्टच्या पृष्ठभागावर भुरभुरवा. क्वाइक असेल तर मात्र हे सगळं उलट, वर्ट ३२ ते ३५ ला असतानाच टाका, १८ ला टाकलंत तर ते रेंगाळत बसेल.

सावधान: भरलेला फर्मेंटर उचलून फ्रिजमध्ये ठेवू नका. रिकामा ठेवा आणि मग तिथेच भरा, कंबर सांभाळा.

## टप्पा ५: पहिले ७२ तास

हे तीन दिवस घरी असाल असे निवडा. खरंच. शुक्रवारी संध्याकाळी यीस्ट टाकलं की शनिवार-रविवार तुमच्या ताब्यात असतात.

पहिले ८-१२ तास काही दिसत नाही, तेव्हा बर्फ वाया घालवू नका, फक्त १८ ला टिकवा. मग वर फेस धरायला लागतो, पांढरट, क्रीमसारखा, आणि इथपासून साधारण दीड दिवस सगळ्यात जास्त उष्णता निघते. टबवाल्यांनी बाटल्या बदलायच्या वेळा ठरवून टाका, सकाळी सातला, दुपारी दोनला, रात्री दहाला. दुपारची खेप सगळ्यात महत्त्वाची आणि तीच चुकते.

तापमान वर जायची वाट बघू नका. पट्टीवर २२ दिसल्यावर बाटल्या टाकल्या तर खाली यायला चार-पाच तास लागतात, तेवढ्यात व्हायचं ते होतं. १९ दिसला की बाटली टाका.

तितकीच मोठी दुसरी चूक म्हणजे घाबरून एकदम सहा बाटल्या टाकणं. तापमान रात्रीत १४ ला आलं की यीस्ट तळाला बसतं आणि आंबणं अर्ध्यावर अडकतं. दिवसातला चढउतार २ अंशांच्या आत ठेवा, स्थिर २० हे १६ आणि २३ मध्ये हेलकावणाऱ्या सरासरीपेक्षा केव्हाही चांगलं. मेलबर्नवाल्यांनी विशेष सांभाळायचं, दुपारी ४० आणि संध्याकाळी दक्षिणेचं वारं सुटलं की तासाभरात पंधरा अंश उतरतात, तेव्हा उरलेल्या बाटल्या काढून घ्या आणि पंखा बंद करा.

तपासा: टीशर्ट वरपर्यंत ओला आहे का, हात लावून बघा. वरचा भाग सुकला असेल तर मगभर पाणी ओता. टबातलं पाणी ३-४ दिवसांनी बदला, वास यायला लागतो. त्यात ब्लीच टाकायचा मोह झाला तर स्टारसॅनसारखं आम्लाचं सॅनिटायझर जवळपास सुद्धा नको, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

एअरलॉक बुडबुडत नाही म्हणून झाकण उघडू नका. झाकणाची रबरी रिंग जरा सैल असली की वायू तिकडून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. फेस दिसतोय ना, मग काम चालू आहे.

## टप्पा ६: चौथ्या दिवसापासून सैल सोडा

फेस खाली बसायला लागला की बर्फ कमी करा आणि बीअर २१-२२ पर्यंत हळूहळू चढू द्या. कंट्रोलर असेल तर रोज एक अंश वाढवा. यीस्ट वाढायचं थांबलेलं असतं, आता या गरमीने वाईट चव येत नाही, उलट यीस्ट शेवटची साखर आणि लोण्यासारखा वास देणारं डायसेटिल साफ करतं, हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर तोही जातो. इथे लोक नेमकं आणखी गार करतात, सुरुवातीला जमलं नाही म्हणून आता भरपाई, आणि कच्ची बीअर हातात येते.

दहा दिवस तरी पूर्ण द्या. क्वाइकला चार-पाच दिवस पुरतात.

## टप्पा ७: संपलं की नाही ते हायड्रोमीटरला विचारा

एअरलॉकला नाही. हायड्रोमीटर म्हणजे बीअरची घनता दाखवणारी काचेची तरंगती नळी, साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. दुपारी बीअर तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि एअरलॉक बुडबुडतो, त्याचा आंबण्याशी संबंध नसतो.

दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे सारखे आले आणि रेसिपीच्या अपेक्षेजवळ असले तर संपलं. मोजताना नळीतला वायू गोल फिरवून झटका, बुडबुडे हायड्रोमीटरला वर ढकलतात. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेले असतात, बीअर ३० ला असेल तर आकडा २ ते ३ पॉइंट कमी दिसतो, म्हणजे १.०१० दिसलं तर प्रत्यक्षात १.०१२ ते १.०१३.

सावधान: बेल सेझों आणि त्याच्यासारखी यीस्ट बाकीच्यांना न पचणारी साखरही हळूहळू खात राहतात. आकडा १.००५ च्या खाली जाऊन स्थिर होईपर्यंत बाटलीला हात लावू नका, नाहीतर बाटल्या फुटतात, काच उडते. त्या बॅचनंतर फर्मेंटरचा नळ पूर्ण सुटा करून धुवा, कारण तिथे राहिलेलं यीस्ट पुढच्या साध्या बॅचमध्ये शिरलं तर तिथेही तेच होणार.

फ्रिजवाल्यांनी आता दोन-तीन दिवस २-४ अंशांवर गार करावं, बीअर नितळते. गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून आधी एअरलॉक काढून त्या भोकावर निर्जंतुक केलेली क्लिंग फिल्म रबरबँडने बांधा. टबवाल्यांनाही रात्री जास्त बर्फ पडला की हे होतं, त्यांनी सुरुवातीपासून एअरलॉकमध्ये साध्या पाण्याऐवजी स्टारसॅन ठेवावं.

## टप्पा ८: बाटल्या भरल्यावर

साखर ३७५ मिलीच्या बाटलीला एक ड्रॉप (वायू धरायला घालायची साखरेची गोळी) आणि ७५० ला दोन, हे उन्हाळ्यातही तेच. मोजून साखर घालत असाल आणि कॅल्क्युलेटर तापमान विचारत असेल तर भरतानाचं गार तापमान घालू नका, आंबणं संपल्यावर बीअर सगळ्यात जास्त जितकी गरम होती तो आकडा घाला. बाहेर गेलेला वायू गार केल्याने परत येत नाही, आणि ४ अंश टाकलंत तर साखर कमी पडून बीअर सपक होते.

भरलेल्या बाटल्यांना वायू धरायला २० ते २५ अंशांत दोन आठवडे लागतात, उन्हाळ्यात घरातच ते तापमान मिळतं, कपाटात झाकून ठेवल्या की झालं. एक बाटली प्लास्टिकची भरा, ती दाबून कडक लागली की बाकीच्यांचंही झालं असं समजा, दगडासारखी लागली आणि अजून आठवडाच झाला असेल तर सगळ्या लगेच फ्रिजमध्ये. काचेच्या बाटल्या झाकण असलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा, एखादी फुटली तरी काच आत राहते.

वायू धरला की गॅरेजमध्ये नेऊन ठेवायच्या नाहीत. गरमीत बीअर शिळी फार पटकन होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा वास पहिला जातो. फ्रिजमध्ये जागा नसेल तर जेवढ्या मावतील तेवढ्या आत घाला, उरलेल्या घरातल्या सगळ्यात गार कपाटात तळाला ठेवा आणि प्यायला आधी त्याच काढा.